एका कोयत्यातली दोन माणसे

ऊसतोडीच्या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादमाने दहा कोयत्यांचा करार केला म्हणजे त्याच्या टोळीत वीस जण आले, दहा पुरुष आणि दहा बायका. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून लाखो माणसे ट्रकने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, बैलगाड्यांनी निघतात आणि सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ओलांडून थेट बेळगावपर्यंत पोहोचतात. भांडीकुंडी, शेळ्या, लहान लेकरे सोबत असतात, म्हातारी माणसे गावात मागे राहतात. पाडव्याच्या आगेमागे ही माणसे परततात. महाराष्ट्राला हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यामागचा हिशेब क्वचितच कुणी उघडून पाहतो.

तो हिशेब असा आहे. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती पुरुषाच्या हातात पडते आणि ती फिटेपर्यंत दोघांनी तोडायचे असते. मजुरी टनावर ठरते आणि टन जोडीचा धरतात. बाई पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवते, भाकरी बांधून घेते, फडात नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली तर पुन्हा उठते. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत परतल्यावर पाणी, सरपण, स्वयंपाक आणि लेकरू हे सगळे तिच्याच वाट्याला येते. एवढ्या कामाचे तिचे पैसे किती झाले असे कुणी विचारले तर सांगता येत नाही, कारण तो आकडा कुठे लिहिलेलाच नसतो. स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन द्यावे असा कायदा या देशात १९७६ साली झाला. समान वेतनासाठी कायद्याने दाद मागायची तर दोन वेतने शेजारी ठेवून दाखवावी लागतात. इथे वेतन एकच आहे. अन्याय सिद्ध करायला जो पुरावा लागतो, तो हिशेबाच्या पद्धतीनेच आधी नाहीसा केलेला आहे.

जिला जोडी नाही तिचे हाल आणखी वेगळे होतात. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई एकटी कोयता होऊ शकत नाही. तिला भाऊ, दीर, मुलगा, असा कुणी पुरुष शोधावा लागतो, मग उचल त्याच्या नावावर आणि कष्ट दोघांचे. कुणीच मिळाले नाही तर तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळा सोडून आईबरोबर फडात उतरते. इथे जात, दारिद्र्य, दुष्काळ आणि बाईपण यांतले नेमके कशाने त्या मुलीची शाळा सुटली, याचे उत्तर शोधू लागलो की विचार अडखळतो. हा लेख त्या अडखळण्याविषयी आहे.

ही बाई या फडात कशी आली? सर्वांत सोपे उत्तर दुष्काळाचे आहे आणि ते खोटे नाही. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्याची जी माणसे घराबाहेर काढली, त्यांतल्या अनेकांचे पाय नंतरच्या बऱ्या पावसातही थांबले नाहीत. पण दुष्काळ सगळ्यांना सारखा गाठत नाही. ज्याच्या रानात विहीर आहे, ज्याचा भाऊ नोकरीत आहे, त्याला तो एका वर्षाचे नुकसान देऊन जातो. ज्याच्याकडे डोंगरउताराची दोन एकर बरड आहे किंवा तेही नाही, त्याला तो स्थलांतर देतो. आणि बरड कुणाच्या वाट्याला आली, काळी कुणाच्या, हे पावसाने ठरवलेले नाही. टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आणि बौद्ध आहेत, पारधी आहेत, अलीकडे कोरडवाहू मराठा कुटुंबेही आहेत. त्या सर्वांचे दुःख एकसारखे नाही, हेही तितकेच खरे. एकाच तळावर कुणाची कोपी कुठे पडते, पाणी भरायला आधी कोण जाते, चोरी झाली की पोलीस प्रथम कुणाकडे वळतात, यांत जात जिवंत असते. पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१पासून चालत आलेला कायदा १९५२ साली रद्द झाला. ऊस तोडून पोट भरणाऱ्या पारधी बाईला मात्र तो शिक्का सोबत घेऊनच फडात यावे लागते.

जमिनीच्या मागे लागले की बाईपण पुन्हा समोर येते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला. गावोगाव तो हक्कसोडपत्रावर सही करून भावाकडे परत गेला. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटते आणि माहेर तुटलेल्या बाईला सासरी छळ झाला तर जायला जागा उरत नाही. कायद्याने दिलेला हक्क तिने सोडला असे कागद म्हणतो. तिच्यापुढे जमीन आणि माहेर यांतले एकच निवडायचे होते, हे त्या कागदावर नाही.

लग्नाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते, म्हणजे दुप्पट. याला कुणी अडाणीपणा म्हणतात. पण जरा त्या आईच्या जागी उभे राहून पाहावे. सहा महिने दोघे गावाबाहेर, घरात म्हातारी सासू, वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडात न्यावी तर तिथे आडोसा नाही, दार नाही, ओळखीचे माणूस नाही. दुसरीकडे मुलाची जोडी झाली की त्याच्या बापाची उचल वाढते. मुलीच्या घरची भीती आणि मुलाच्या घरची गरज एकत्र येतात आणि हंगामाच्या तोंडावर लग्न लागते. त्या मुलीला पहिले मूल फडातच होते. मातृत्वाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला, वर्षात ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला या रजेचा लाभ मिळतो. ही मुलगी त्याहून कितीतरी जास्त दिवस राबलेली असते. फक्त तिचा मालक कोण, हे कुठल्याही कागदावर नसते. करार कारखान्याचा वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. या साखळीच्या कोणत्याही कडीवर तिचे नाव नाही.

सहकाराबद्दल मी थोडे जड मनाने लिहितो, कारण त्या चळवळीविषयी मला खरा आदर आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला पहिला सहकारी साखर कारखाना ही शेतकऱ्याने सावकारशाहीला दिलेली फार मोठी टक्कर होती. पण त्या सहकारात सभासद होण्यासाठी ऊस लागतो, उसासाठी पाणी लागते, पाण्यासाठी योग्य जागी जमीन लागते, आणि जमिनीला जात आणि पुरुषाचे नाव लागते. ऊस पिकवणारा मालक झाला. ऊस तोडणारा मजूरसुद्धा झाला नाही, कारण मजूर म्हणून त्याची नोंद मुकादमाच्या वहीत राहिली. आणि तोडणारी तर त्या वहीतही नाही. एका अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली उत्तम चळवळ दुसऱ्या अन्यायाच्या पायावर बेतशीर बसू शकते, हे आपल्याकडे फार वेळा घडले आहे.

आता शरीराकडे यावे लागते. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळपास १७ टक्के. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६च्या सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या थोडे वर होते. मोळी उचलून ओटीपोटावर पडणारा ताण, अंघोळीला पाणी नाही, शौचाला आडोसा नाही, पाळीचे कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही, त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून जाणे, कंबरदुखी. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो किंवा ज्या दिवशी असतो त्या दिवशी ती फडात असते. मग खासगी दवाखाना, तिथे कॅन्सरची भीती, आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. शस्त्रक्रियेला लागणारे पैसे मुकादमाकडूनच येतात. ते पुढच्या उचलीत चढतात. तिशीतली ती बाई टाके पुरते भरायच्या आत पुन्हा मोळी उचलायला जाते, कारण शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायचे असते.

त्या वेळी काही सुशिक्षित माणसांनी एक प्रश्न विचारला. या बायका स्वतःहून शस्त्रक्रिया मागतात, मग जबरदस्ती कुणाची? हा प्रश्न टाळू नये. बाई खरोखरच मागते. दर महिन्याचे चार दिवस तिला परवडत नाहीत, दुखणे सहन होत नाही, दोन लेकरे झालेली असतात, आणि डॉक्टरने सांगितलेले असते की एकदा काढले की कटकट गेली. तिच्या जागी कोणतीही शहाणी बाई कदाचित तेच करील. पण तिच्या त्या शहाणपणाला उपलब्ध असलेले सगळे रस्ते कुणीतरी आधीच बंद केलेले आहेत. पाणी मिळाले असते, एक दिवसाची भरपगारी सुट्टी असती, वेळेवर तपासणी झाली असती, मजुरी तिच्या हातात आली असती, हे सगळे झाले असते तर तिने गर्भाशय वाचवले असते. निवड तिची होती असे म्हणणे आणि तिला एकाच गोष्टीची निवड करता येत होती हे न सांगणे, हा तिच्यावरचा आणखी एक अन्याय आहे.

या प्रकरणात दोषी कोण, असे विचारत गेलो की दरवाजे एकामागून एक बंद होतात. आरोग्य खाते सांगते, आम्ही शस्त्रक्रियांवर नियंत्रण आणले, खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. कामगार खाते सांगते, मालक-नोकर संबंध सिद्ध होत नाही. कारखाना सांगतो, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. महिला व बालविकास खात्याची अंगणवाडी गावात असते, बाई फडात असते. शाळा सांगते, मुलगी गैरहजर आहे. सामाजिक न्याय खात्याला तिच्या जातीचा दाखला लागतो, जो गावच्या पेटीत राहिलेला असतो. निवडणूक हंगामात आली तर मतदान केंद्र दोनशे किलोमीटर मागे पडलेले असते. यांतला प्रत्येक जण आपल्या पुरते खरे बोलतो, हे मला सर्वांत भयंकर वाटते. दुष्ट माणूस शोधायचा तर तो सापडत नाही. प्रत्येक खाते तिच्या दुःखाचा एक धागा उचलते आणि तेवढ्याने दुःख सुटत नाही म्हणून तिलाच दोष देते. बहिष्कृत या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे गावकुसाबाहेरचे माणूस येते. ही बाई मात्र महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या ग्रामीण उद्योगाच्या अगदी आत आहे. तिच्याशिवाय गव्हाणीत ऊस पडत नाही. ती उत्पादनाच्या आत आणि मोजणीच्या बाहेर आहे.

कायद्याच्या भाषेत या अनुभवाला नाव मिळाले ते अमेरिकेत. सेंट लुईस शहरातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीत घेतच नव्हते. नंतर घेतले, पण मंदी आल्यावर ज्यांना शेवटी घेतले त्यांना आधी काढले, आणि १९७०नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. त्यांच्यातल्या पाच जणी न्यायालयात गेल्या. १९७६ साली निकाल लागला. कंपनीने स्त्रियांना नोकऱ्या दिल्या आहेत, त्या गोऱ्या स्त्रिया होत्या. कंपनीने कृष्णवर्णीयांना नोकऱ्या दिल्या आहेत, ते पुरुष होते. तेव्हा लिंगभेद नाही आणि वर्णभेदाचा दावा करायचा तर तो वेगळा करा, दोन्ही एकत्र करून नवा दावा करता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित स्त्रीने १९८९ साली या निकालाची चिरफाड केली आणि चौकाचे उदाहरण दिले. चार दिशांनी वाहने येतात त्या चौकात अपघात झाला तर धक्का एका दिशेने बसलेला असेल, नाहीतर सगळ्याच दिशांनी. जखमीला विचारायचे की कुठल्या रस्त्यावरचा धक्का ते आधी सिद्ध कर, तरच रुग्णवाहिका येईल, हा कुठला न्याय?

आपल्याकडच्या न्यायालयांतही हाच प्रश्न रक्ताने लिहिला गेला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. आई आपल्या जमिनीसाठी ताठ उभी राहणारी, मुलगी शिकणारी आणि हुशार. गावात त्या कुटुंबाचे पक्के घर होऊ दिले जात नव्हते. आरोपींना शिक्षा झाल्या, आधी सहा जणांना फाशी आणि नंतर उच्च न्यायालयात तिची पंचवीस वर्षांची कैद. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा ना भंडाऱ्याच्या न्यायालयाने लावला, ना नागपूर खंडपीठाने. सूडातून झालेले हत्याकांड, असा त्याचा अर्थ लागला. सूड कशाचा? बौद्ध बाईने गावातल्यांविरुद्ध साक्ष दिली याचा, जमीन सोडली नाही याचा, पोरीला शिकवले याचा. यांतून जात वेगळी काढायची तर काय उरते, आणि बाईपण वेगळे काढायचे तर तो संताप इतका का पेटला हे कसे कळणार? जमीन, जात आणि बाई एकत्र येऊन उभ्या राहिल्या, हाच त्या कुटुंबाचा गुन्हा होता.

पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या पाटण जमाल वली खटल्याचा निकाल दिला. अत्याचार झालेली तरुणी दृष्टिहीन होती आणि अनुसूचित जातीची होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या निकालात जात, लिंग आणि अपंगत्व हे एकाच देहात एकत्र कसे येतात याची इतकी सविस्तर चर्चा केली की आपल्या न्यायव्यवस्थेत तिला तोड नाही. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा त्याच निकालाने रद्द झाली, कारण गुन्ह्याच्या वेळी लागू असलेल्या कलमाला गुन्हा जातीच्या कारणावरून झाला असा पुरावा हवा होता. ते कलम २०१६पासून बदलले आहे, आता पीडित व्यक्तीची जात आरोपीला माहीत असणे पुरते. त्या तरुणीच्या खटल्याला हा बदल उशिरा ठरला. न्यायाधीशाला सगळे दिसत होते आणि कायदा तरीही जातीचा वेगळा पुरावा मागत होता.

क्रेनशॉचे ऋण मानूनही मला चौकाचे उदाहरण आपल्या देशासाठी अपुरे वाटते. चौकात रस्ते आधीपासून असतात आणि मग एकमेकांना मिळतात. जात आणि स्त्रीची बंदी यांचे नाते तसे नाही. १९१६च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत दाखवले. ही सक्ती टिकवायची तर जोडीदार गेलेल्या स्त्रीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. तिला चितेवर जाळा, नाहीतर वैधव्यात कोंडा, आणि पुरुषासाठी लहान मुलगी शोधा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह, या तिन्ही चाली त्यांनी धर्माच्या अंगाने न सांगता जातीची यंत्रणा म्हणून सांगितल्या. म्हणजे बाईवरचा जुलूम जातीला नंतर येऊन मिळालेला नाही. तो काढला तर जात उभीच राहत नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या कुठल्याही विद्यापीठीय चर्चेच्या पुढे आहे, आणि तो आपल्या माणसाचा आहे.

त्याहूनही मागे जाता येते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली मातंग समाजातली किशोरवयीन मुलगी. धर्माच्या अभिमान्यांना थेट प्रश्न विचारता विचारता ती आपल्या जातीतल्या बाळंतिणींकडे येते. डोक्यावर छप्पर नसताना पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती सांगते. जातीचे दुःख सांगायला निघालेल्या त्या मुलीला ते बाईच्या देहावर कसे उतरते हे कुणी शिकवावे लागले नाही. आणि त्याच पुण्यात आठ वर्षांनी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी. एका बाईला छप्पर नव्हते, दुसरीला छपराखालून बाहेर पडायची मुभा नव्हती. एकीचा स्पर्श विटाळ मानला, दुसरीचे केस उतरवून तिचे दर्शन अशुभ मानले. दोघींचे दुःख एका पातळीवर ठेवता येणार नाही, मांग बाळंतीण आणि ब्राह्मण विधवा यांच्यात अंतर होते आणि विधवेने ते अंतर पाळलेही असेल. तरी दोघींना आपापल्या जागी बसवणारी रचना एकच होती, आणि फुले दांपत्याने दोन्ही दारे उघडली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्याने पेटून उठून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले, तेव्हा ती बाई आपल्या जातीची नाही हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पुस्तकावर झोड उठली तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीरावच.

ही वाट पुढे सगळ्यांनी राखली नाही. ज्यांनी राखली त्यांपैकी फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहून वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. गावाने महारवाड्याला दिलेली गुलामी त्यांनी लिहिली आणि महारवाड्याने सुनांना दिलेली गुलामीही लिहिली. दुसरी गोष्ट लिहिताना आपल्याच समाजाची बदनामी होईल, गावाला आयते बोलायला मिळेल, ही भीती कुठल्याही दलित लेखिकेला असते, आणि सवर्ण लेखिकेला ती कधीच नसते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी खेडोपाडी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले, कारण चळवळीच्या इतिहासात बायका गर्दी म्हणून होत्या, नावाने नव्हत्या. स्त्रीचळवळीने मधल्या काळात बाई म्हटली की पांढरपेशी बाई डोळ्यांपुढे धरली, कामगार चळवळीने कामगार म्हटला की पुरुष, शेतकरी चळवळीने शेतकरी म्हटला की सातबाराधारक. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. या चळवळींनी आपापल्या ठिकाणी जे मिळवले ते मोलाचे आहे. पण ज्या ठिकाणी या सगळ्या चळवळींच्या हद्दी संपतात, नेमकी त्याच ठिकाणी ऊसतोड बाईची कोपी उभी आहे.

म्हणून एकेका धाग्याचे उपाय तिच्यापर्यंत येता येता फसतात. जानेवारी २०२४ मध्ये दीर्घ वाटाघाटींनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. संघटनांनी ती लढून मिळवली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण टन जोडीचा आहे तोवर वाढलेला पैसाही एकाच हातात पडतो. शस्त्रक्रियेला परवानगी लागू केली, दुखणे देणारी परिस्थिती तशीच राहिली तर बाईच्या वाट्याला फक्त न काढलेले दुखणे येते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची शासकीय वसतिगृहे निघाली, हे फार चांगले पाऊल आहे. पण मुलीला तिथे ठेवायला आई तेव्हाच धजावते, जेव्हा तिथे विश्वासू बाई अधीक्षक, पक्के दार आणि दिवे असतात. तोडणी यंत्रे येत आहेत. यंत्र चालवायला कोण बसेल आणि घरी कोण बसेल, हे सांगायला फार दूरदृष्टी लागत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना आंबेडकरांनी सांगितले होते की राबणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे, ते राष्ट्राच्या हिताचे आहे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी तो कायदा झाला. त्याला शतक होत आले. साखर कारखान्याच्या धुराड्यापासून दोन-चार किलोमीटरवर फडात बाळंत होणारी बाई अजून त्या कायद्याच्या कक्षेत आलेली नाही.

ती आणायची तर तिचा मालक कोण हे आधी ठरवले पाहिजे, आणि तो कारखाना आहे. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्यानेच मजुरी, पाणी, शौचालय, आजारपण आणि बाळंतपण यांची जबाबदारी घ्यायची, मुकादम मध्ये असो वा नसो. तोडणाऱ्या प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच बँक खात्यात, एकट्या बाईला एकटीने करार करण्याची मोकळीक आणि आजारपणाचा खाडा बंद, एवढे एकत्र झाले पाहिजे. यांतले एकच केले तर ते इतरांच्या ओझ्याखाली दबून जाईल.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद असतील, किंवा त्यांचे वडील, भाऊ, मामा असतील. कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, म्हणजे टोळ्या निघण्याच्या आधी. उसाच्या दरावर त्या सभेत तासन्‌तास बोलणे होते आणि ते रास्तच आहे. यंदा त्या सभेत उभे राहून एवढे विचारा की आपला ऊस तोडायला येणाऱ्या बायकांची यादी कारखान्याकडे आहे का, आणि नसेल तर ती गाळप सुरू होण्याआधी केव्हा तयार होणार.